सड्यावरून दिसलेली होडी

मी एक जुनी दुर्बीण आहे. मित्रांनो, माझ्या एका डोळ्याला तडा गेला आहे, पण त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तो कसा गेला हे सांगायला लागले की आजही मला कुठून सुरुवात करू असं होऊन जातं!

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते जयपूरचं एक दुकान. विमा कंपनीतले अधिकारी उमाकांतराव अमरावतीहून बदली होऊन तिथे आले होते. शहराला लागून असलेल्या झालान्याच्या जंगलात बिबटे आहेत असं कळताच त्यांनी मला विकत घेतलं. बिबट्या आम्हाला एकदाच दिसला, तोही शेपटीकडून. तरी त्यांनी कॉलनीतल्या साऱ्यांना चहा पाजला! पुढे त्यांची कामं वाढली आणि जयपूरच्या सोडाला भागातल्या घरात मी रजयांच्या कपाटात जाऊन पडले. अंधार आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. बघण्यासाठी जन्मलेल्या वस्तूला याहून मोठी शिक्षा नाही.

२००६ सालच्या दिवाळीत कपाट धाडकन उघडलं.

"आई, हिला पण घेऊन चलू!" बारा वर्षांची भार्गवी ओरडली. "डॉल्फिन बघायचे आहेत!"

उमाकांतरावांना रजा मिळाली होती आणि भार्गवीची आई, प्रतिमाताई, यांनी ठरवलं होतं की वाळवंटात वाढलेल्या आपल्या लेकीला आता समुद्र दाखवायचाच. रत्नागिरीच्या दक्षिणेला, डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत एक लहानसं गाव होतं. तिथे देवराम आणि द्वारका या कोळी जोडप्याच्या घरी आम्ही उतरलो.

काय सांगू तुम्हाला! मागे सह्याद्रीची निळी भिंत, पुढे नुसतं पाणी. माडांच्या बागांतून जाणारी लाल दगडी पायऱ्यांची पाखाडी, खाडीपलीकडे माणसं नेणारी तर, पांढऱ्या पोटाचा मोठा समुद्रगरुड, आणि गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, त्यावर वाऱ्याने लवणारं सोनेरी गवत. भार्गवी मला क्षणभरही खाली ठेवेना.

"हे सगळं पाणी खारं आहे? मतलब, पूरं?" तिने देवरामला विचारलं.

"चाखून बघ की," तो हसत म्हणाला. तिने खरंच चाखलं, आणि तोंड वाकडं केलं!

दुसऱ्या दिवशी देवराम पहाटेच एकटा होडी घेऊन गेला. भार्गवी सड्यावर बसून डॉल्फिन शोधू लागली. तिथे द्वारका आणि शेजारणी गवत कापत होत्या. "डॉल्फिन!" भार्गवी ओरडली. बायका धावल्या, तर तो खडक निघाला. पुन्हा ओरडली, ती लाट होती. तिसऱ्यांदा कुणी मान वर केली नाही. हसल्या मात्र सगळ्या.

आणि मग माझ्या काचांत ते आलं. खाडीच्या मुखाबाहेर काहीतरी काळं, पालथं. त्याला बिलगलेला एक माणूस. भार्गवी ताडकन उठली.

"मावशी! नाव उलटली! आदमी आहे... माणूस, पाण्यात!"

"आता मासा नि माणूस सारखाच दिसाया लागला का गो तुला?" एक बाई म्हणाली.

भार्गवीला मराठी शब्द सुचेना. तिने गळ्यातला पट्टा काढला आणि मला थेट द्वारकेच्या डोळ्यांना लावलं. "बस, देखो ना मावशी!"

द्वारकेने आयुष्यात कधी दुर्बीण धरली नव्हती. आधी तिला नुसतं धुकं दिसलं. भार्गवीने माझं चाक फिरवलं. धुकं विरलं, आणि होडीवरचा हिरवा पट्टा स्पष्ट झाला.

"अगो बाय! ही तर आमचीच होडी!"

तिच्या हातून मी सुटले, जांभ्यावर आपटले आणि माझा एक डोळा तडकला. मला कुणी उचललं नाही, आणि उचलू नये अशीच ती वेळ होती. द्वारका किंचाळत उतार उतरली, मागे भार्गवी, मागे साऱ्या जणी. बंदरातून दोन होड्या सुटल्या. मी गवतात पडून फक्त आवाज ऐकत होते. बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. मग खालून एकदम असा गलका उठला की झाडावरचे बगळे उडाले. देवराम सापडला होता! गारठलेला, पण जिवंत!

संध्याकाळी भार्गवी मला शोधत आली आणि द्वारकेच्या घरी घेऊन गेली. तडा बघून उमाकांतराव म्हणाले, "जाऊ दे बेटा, जयपूरला नवी घेऊ."

"नवी घेऊ. पण ही इथेच राहू दे, बाबा," भार्गवी म्हणाली. "आपल्या घरचं कुणी समुद्रावर जात नाही."

उमाकांतरावांनी स्वतःच्या रुमालाने माझी काच पुसली आणि मला द्वारकेच्या हातात दिलं.

मित्रांनो, तुमच्या कपाटातही माझ्यासारखं कुणी पडून असेल. त्याला बाहेर काढा, मऊ सुती कापडाने पुसा आणि ज्याला गरज आहे त्याच्या हाती द्या. आम्ही फुटलो तरी चालेल, पण कामाला येऊ द्या.

मी आता पडवीतल्या खुंटीवर असते. रोज दुपार कलली की द्वारका मला घेऊन सड्यावर चढते आणि माझ्या चांगल्या डोळ्यातून बघते. होडी दिसली की घरी येते, आणि भात चढवते.