एका रात्रीपुरता बाहेर

वेंडेल कमरेत वाकून दोन पायांमधून मागे पाहत होता. मैदानाच्या कडेने येणारा टॅड कोसिक त्याला उलटाच दिसला असणार, कारण तो तसाच वाकलेला राहून ओरडला,

“आले बघा यमदूत! लपा रे पोरांनो!”

शेजारी उभा असलेला एझ्रा खरोखरच दचकला. वेंडेलने दोन्ही टोकांना निमुळता असा तो अमेरिकन फुटबॉलचा चेंडू पायांमधून सणसणत मागे फेकला. दूर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तो नेमका जाऊन बसला. वेंडेल ॲक्लीचं क्लबात एवढंच काम होतं. चेंडूला लाथ मारायची वेळ आली की मैदानात उतरायचं, न बघितल्यासारखं बघून चेंडू मागे द्यायचा आणि बाहेर यायचं. अशा माणसाला स्नॅपर म्हणतात. तो चुकला तरच लोकांना त्याचं नाव कळतं. टोलेडोतल्या लोकांना वेंडेलचं नाव फारसं माहीत नव्हतं.

तो कमरेला हात देत सरळ झाला आणि टॅडकडे आला.

“आज ना?”

“आज.”

“परत मीच?”

“मग काय मी?”

“सबंध देशात मी एकच असेन बघा,” वेंडेल म्हणाला. “दर ऑगस्टला नोकरीवरून काढतात, आणि काढणाऱ्यालाच मी विचारतो, घरचे सगळे बरे ना म्हणून.”

बोलून गेला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. टॅडची बायको इरीन मार्चमध्ये वारली होती.

“बरे आहेत,” टॅड म्हणाला. घरी आता तो एकटाच असे.

त्या मंगळवारी दुपारी चारपर्यंत प्रत्येक क्लबाला आपली नव्वद माणसं त्रेपन्नावर आणायची होती. पगाराची वरची मर्यादाही लीगने सगळ्यांना एकच आखून दिलेली. त्रेपन्न माणसं त्या मर्यादेखाली बसवणं, हे टॅडचं काम. स्टोकर्स क्लबात त्याचे केस याच कामात पिकले होते.

नियम असा होता, की नव्या पोराला सोडलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत कुठलाही क्लब हक्क सांगून त्याला उचलू शकतो. जुन्या खेळाडूला असं उचलता येत नाही. तो मोकळा होतो आणि मन मानेल तिथे जातो. यंदा चेंडू झेलणारा एक गुणी पोरगा मांडी दुखावून बसला होता. दिवाळं निघालं तरी चालेल पण हा पोरगा हातचा जाऊ नये, असं प्रशिक्षकांचं म्हणणं. त्याला जखमी म्हणून बाजूला ठेवायचं आणि थंडीत पुन्हा खेळवायचं, तर आधी एक रात्र तरी तो त्रेपन्नांत असायला हवा. तेवढ्या रात्रीपुरती कोणाची तरी जागा लागणार होती. दर वर्षी असं काही ना काही निघे आणि दर वर्षी ती जागा वेंडेलची असे. मंगळवारी त्याला काढायचं, बुधवारी त्याच पगारावर परत घ्यायचं. हे कागदावर लिहायला लीगची सक्त मनाई होती. म्हणून टॅड हात पुढे करी, वेंडेल तो हातात घेई, आणि झालं.

टॅडने यंदाही हात पुढे केला.

“उद्या दुपारी,” तो म्हणाला.

“उद्या दुपारी,” वेंडेलने हात मिळवला आणि मान वळवली. “आणि एझ्रा?”

“त्याला खरंच काढतोय.”

वेंडेलने ओठ दाबले. एझ्रा हा नवा स्नॅपर त्याच्याच जागेसाठी आणलेला होता, आणि उन्हाळाभर त्याला शिकवलं होतं ते वेंडेलनेच. “पोरगा पक्का आहे,” तो म्हणाला. “अजून घाई करतो, एवढंच.”

टॅड कचेरीत परतला आणि त्याने वेंडेलला काढल्याचा कागद लीगला पाठवून दिला. एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली नव्हती. वरच्या खुर्चीत आता जुना साहेब नव्हता. त्या साहेबाला हात मिळवण्याचा अर्थ ठाऊक होता. वसंतात आलेल्या ग्रेटा लँगडनला टॅडने या बाबतीत काही विचारलंच नव्हतं. इतक्या वर्षांची सवय. विचारावं लागतं, हेच तो विसरून गेला होता.

जेवणाच्या सुट्टीनंतर तिने त्याला बोलावलं.

“ॲक्लीचा कागद गेला ना? छान. उद्या त्याला किमान पगारावर परत घेऊ.”

टॅडला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “किमान नाही. आहे त्याच पगारावर. दर वर्षी तसंच असतं.”

“कुठे लिहिलंय?”

“लिहिता येत नाही.”

“मग?”

“मी हात मिळवलाय.”

ग्रेटाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. ती रागावली नव्हती. “टॅड, मागच्या क्लबात नोव्हेंबरमध्ये माझ्याकडे बदली माणूस आणायला पैसे उरले नव्हते. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस मी मैदानात उतरवला. तो आता जिना उतरतानाही कठडा धरतो. मला यंदा नोव्हेंबरसाठी शिल्लक हवीय. जिथून वाचेल तिथून.”

“तो विश्वासाने बाहेर गेलाय.”

“शब्द तुम्ही दिलात, क्लबाने नाही. मला आधी विचारलं असतंत, तर कदाचित मीही दिला असता.”

ते खरं होतं.

“आणि तो जाणार तरी कुठे?” ती म्हणाली. “छत्तिशीच्या स्नॅपरला कोण विचारतंय?”

तासाभरात त्याचं उत्तर आलं. पोर्टलंड क्लबाच्या स्नॅपरचं मनगट सकाळच्या सरावात मोडल्याची बातमी टॅडने आपल्या टेबलाशी वाचली. पोर्टलंडवाले वेंडेलला फोन करणार हे उघड होतं. दोन वर्षांचा करार देतील, कदाचित जास्तच देतील. आणि वेंडेल त्यांना काय सांगणार, तेही टॅडला उघड दिसत होतं. टॅडशी हात मिळवलाय म्हणेल आणि फोन ठेवून देईल. क्लबाच्या माणसाने अशा वेळी उद्या दुपारपर्यंत तोंड बंद ठेवायचं असतं. टॅडने ते तास दीड तास ठेवलं. मग त्याने गाडीच्या किल्ल्या उचलल्या.

वेंडेलचं घर नदीपलीकडे होतं. टॅड पोचला तेव्हा उन्हं अजून वर होती. अंगणात वेंडेल निखाऱ्यावर मक्याची कणसं फिरवत होता आणि त्याची बायको मार्नी तळ्यातले मासे पिठात घोळवून कढईत सोडत होती.

“बाबाला आज काढलंय,” त्यांच्या मुलीने पायरीवरूनच टॅडला सांगितलं. “म्हणून भांडी तोच घासणार.”

“बरोबर आहे. रिकामा माणूस आहे तो.”

“तुम्हीच काढलंत ना?”

“जून, आत जाऊन ताटं आण,” मार्नी म्हणाली.

टॅड बसला नाही. कणसांच्या धुरात उभा राहूनच त्याने सगळं सांगून टाकलं. ग्रेटाला विचारायचं राहिलं, ती किमान पगार म्हणतेय, चूक आपली आहे.

“पोर्टलंडवाले तुला विचारतील,” तो म्हणाला. “त्यांचा माणूस जायबंदी झालाय. माझ्या हाताकडे बघू नकोस. दोन वर्षं देत असतील, तर घे.”

मार्नीने कढईवरून मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. वेंडेलने एक कणीस उलटलं, मग शेजारचं उलटलं. ते आधीच भाजून झालं होतं.

“बरं,” तो म्हणाला. “बसा आता.”

“मी निघतो. तुला फोन करायचे असतील.”

“बसा हो. परक्यासारखे उभे राहू नका. मार्नी, यांना मोठा तुकडा दे.”

टॅडने घरी मार्चपासून टेबलावर ताट मांडलं नव्हतं. डबा उघडायचा, ओट्याशी उभं राहून चमच्याने खायचं आणि डबा टाकून द्यायचा. आता समोर कागदी ताटात मासा आला, बागेतले टोमॅटो आले, लोणी लावलेलं कणीस आलं. पहिला घास त्याने भीड म्हणून घेतला. मग मार्नीने दुसरा मासा वाढला तेव्हा तो नको म्हणाला नाही. जूनने शाळेतल्या नव्या बाईंची नक्कल केली. वेंडेल म्हणाला, “ही पुढे लीगच्या अध्यक्षाची नक्कल करून पोट भरणार, मला पेन्शन नको.” टॅडला हसू आलं. घास तोंडात असताना हसल्यामुळे ठसका लागला, आणि मार्नीने त्याच्या पाठीत थापट्या मारल्या.

वेंडेलचा फोन जेवणभर खिशातच राहिला. टॅडला वाटलं, आपण गेल्यावर तो करील.

बुधवारी सकाळी टॅड सरळ ग्रेटाच्या खोलीत गेला आणि आपण काय केलं ते त्याने सांगितलं.

“तुम्ही स्वतः जाऊन त्याला पोर्टलंडला जा म्हणालात?”

“हो.”

“आपलाच माणूस?”

“काल दुपारपासून तो आपला नव्हता. आपणच काढला होता.”

“तुमच्या जागी दुसरा असता, तर मी त्याला आत्ता घरी पाठवला असता.”

“पाठवा.”

“त्रेपन्न माणसं मग मी बसवू का मर्यादेखाली? दोन कागद तयार करा. एक जुन्या पगाराचा, एक किमान. पोर्टलंडने त्याला खरंच काही देऊ केलं असेल, तर आपल्याला जुना द्यावा लागेल. नसेल, तर किमान. यात अन्याय नाही, टॅड. बाजारभाव आहे.”

टॅडने दोन्ही कागद करून आणले आणि तिच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. बारा वाजून गेल्यावर लीगकडून हक्क सांगितलेल्या पोरांची नावं आली. मांडी दुखावलेल्या पोराची रात्र त्रेपन्नांत पार पडली होती. खाली एका ओळीत एझ्राचं नाव होतं. पोर्टलंडने त्याला उचललं होतं.

“म्हणजे त्यांचा स्नॅपर झाला,” ग्रेटा म्हणाली. “ॲक्लीला त्यांनी विचारलंच नाही.”

तिने किमान पगाराचा कागद पुढे ओढला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पोर्टलंडच्या व्यवस्थापकाला एझ्राच्या तब्येतीचे कागद हवे होते. ते टॅडकडे असतात म्हणून ग्रेटाने आवाज खोलीत सोडला.

“खांद्याचं जुनं दुखणं आहे का त्याला?” पलीकडून विचारलं.

“नाही,” टॅड म्हणाला. “धडधाकट आहे. कागद पाठवतो.”

“खरं तर आम्हाला तुमचा वेंडेल हवा होता. काल तीनला मी स्वतः फोन केला. दोन वर्षं, वर सही करण्याचे वेगळे पैसे. म्हणाला, टॅडशी हात मिळवलाय, बोलूच नका. वर आम्हालाच अर्धा तास पटवत बसला की एझ्राला घ्या, पोरगा पक्का आहे, फक्त घाई करतो. लबाड आहे तुमचा माणूस. असा एखादा आम्हालाही द्या.”

फोन बंद झाला. ग्रेटाने टॅडकडे पाहिलं.

“तुम्ही किती वाजता गेला होतात?”

“साडेपाच,” टॅड म्हणाला.

“म्हणजे तुम्ही त्याला जा म्हणालात तेव्हा...”

“तेव्हा त्याने नाही म्हणून झालं होतं.”

“आणि बोलला नाही?”

“नाही.”

आता वेंडेलला दुसरीकडे जायला जागा नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. बाजारभाव काय, तेही कळत होतं. ग्रेटाने हातातला कागद मधोमध दुमडला, पुन्हा दुमडला आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकला. दुसऱ्यावर तिने सही केली.

“नोव्हेंबरची शिल्लक कुठून आणायची?” ती म्हणाली.

“ते माझ्यावर सोडा.”

“नाही. दोघं मिळून बसू. आणि पुढच्या वर्षी कोणाशी हात मिळवण्याआधी मला हाक मारा. मी सोबत येईन.”

पुढच्या वर्षी आपण या कामावर असू की नाही, हे टॅडने अजून कोणालाच सांगितलं नव्हतं. “मारीन,” तो म्हणाला.

वेंडेल दुपारी एक वाजता आला, उभ्या उभ्या सही केली आणि पगाराचा आकडा वाचलाही नाही. टॅड त्याच्याबरोबर मैदानापर्यंत चालत गेला. पोरं सराव करत होती. एझ्रा जिथे उभा राहायचा ती जागा रिकामी होती.

“काल सांगितलं का नाहीस?” टॅडने विचारलं. “मी तिथे उभा राहून तुला जा म्हणत होतो.”

वेंडेलने गवतातला चेंडू उचलला आणि त्याची शिवण अंगठ्याने चाचपली.

“सांगितलं असतं, तर तुम्ही जेवला असतात का?”

टॅडने नाक ओढलं. मैदानात कोणीतरी शिट्टी वाजवली.

“मासा चांगला होता,” तो म्हणाला.

“अजून आहे,” वेंडेल म्हणाला आणि वाकला.