पानावरचे तांदूळ

आमच्या भाताच्या बांधावर सकाळपासून माणसं अशी दाटली होती, की बेडकांनीसुद्धा जागा सोडली. कारण काय, तर भाताला अजून लोंबी धरली नव्हती आणि पानावर तांदूळ पिकले होते. पांढरेशुभ्र, बारीक, एकाला एक चिकटलेले.

मधोमध बुवा. म्हणे पहाटेपासून समाधीत होते आणि उठल्या उठल्या डोळे मिटून त्यांनी नेमक्या याच खाचराकडे बोट दाखवलं. दाढीला तेल, पायांत गमबूट.

"बाळांनो, हे देवदाणे. दुधातून गिळा. साखर उतरते, ताप उतरतो."

"आणि गिळणाऱ्याची अक्कल?" मी विचारलं.

"आजी, श्रद्धा नसेल तर दाणा पोकळ होतो."

लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच दाणे पोखरत हिंडते. कारण महिनाभर बुवा रोज असं एक खाचर दाखवत होते, आणि पानावर राहिलेले दाणे काही दिवसांत पोकळ होत, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. थापेला असा पुरावा मिळाला की थाप माजते.

मला बुवाचं काय? पण माझी नणंद पहिल्या रांगेत होती. तिला साखरेचा आजार. देवदाणे सुरू केल्यापासून तिनं इन्सुलिनची सुई बंद केली होती आणि पायाचा अंगठा काळा पडत चालला होता.

"वन्सं, सुई घ्या."

"वहिनी, तुझं कुजकं बोलणं लागतं माझ्या दाण्यांना."

माझी सून शाळेत विज्ञान शिकवते. एरवी चहात साखर किती यावरूनही आमची जुंपते. त्या दिवशी मात्र ती माझ्या बाजूनं पुढे आली, खाली वाकली, दाण्यांसकट एक पात तोडली आणि घरी येऊन काचेच्या बरणीत घातली. तोंडाला मलमल बांधली.

"आई, ही आत्यांच्या उशाशी ठेवा. राखण त्यांनीच करायची."

नणंद खूश. बरणीपुढे हात जोडून बसली, मलाही फिरकू देईना.

मग एका सकाळी तिची हाक आली. "वहिनी, हे काय गं वळवळतंय?"

दाणे सगळे पोकळ, एकेकाचं टोक टोपणासारखं उघडलेलं. आणि मलमलीला आतून चिकटलेल्या काळ्या, तिळाहून लहान, पंखवाल्या माश्या.

ती लंगडत बांधावर गेली आणि बरणी बुवापुढे धरली.

"कोप झाला," बुवा म्हणाले. "श्रद्धा ढळली."

"कुणाची? माझी?" नणंद म्हणाली. "जेवायलासुद्धा उठले नाही मी हिच्यापुढून. आणि हे मी दुधातून गिळत होते?"

कुणीतरी हसलं. बुवांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मग सून बोलली. ही गांधीलमाशीच्या जातीतली चिमुकली माशी. पान खाणाऱ्या अळीच्या अंगात अंडी घालते. पिल्लं अळीला आतून खातात, बाहेर येऊन पांढरे कोष विणतात. हेच देवदाणे. माशी उडाली की कोष पोकळ, श्रद्धा असो वा नसो. दाण्यांशेजारी सुकलेली अळी दिसते, ती कुणी बघत नाही. चतुर, कोळी, ढालकिडे, अशा कितीतरी जाती खाचरात आपली राखण करतात. "आपण मात्र राखणदार खुडून यांना देतो आणि अळ्या पोसतो."

"आणि बुवा," मी म्हटलं, "समाधीतून उठलेल्या माणसाच्या बुटांना रोज आधीच ओला चिखल कसा? पहाटे खाचरं धुंडाळता, दाणे हेरता आणि मग डोळे मिटता."

सगळ्यांनी बुटांकडे पाहिलं. बुवांनीही पाहिलं. दुपारी त्यांच्या मठीत फक्त तेलाची बाटली उरली होती.

नणंदेचा अंगठा डॉक्टरांना काढावा लागला. पाय वाचला. आता ती वेळेवर सुई घेते आणि कोष असलेल्या पातीला कुणाला हात लावू देत नाही.

तुम्हाला कुठं असला चमत्कार दिसला, तर हात जोडायची घाई करू नका. आधी तो बरणीत घाला, फडकं बांधा आणि बघत बसा. देव असेल तर त्याला बरणीची भीती नाही. बुवा असेल तर तो बरणी बघूनच पळेल.