सनमायकाची गिटार कुमट्याला वाजली

साहेब, तुम्ही मला एकदाही न वाजवता नापास केलंत. तारेला बोट लावलं नाहीत. नुसतं नखाने टकटक केलंत आणि म्हणालात, "हे लाकूड नाही, सनमायका आहे. आमच्या मान्य वाद्यांच्या यादीत हे नाही."

मित्रांनो, हे साहेब बेंगळूरूतल्या एका संगीतसंस्थेचे मोठे अधिकारी. गावोगावच्या शाळांत संगीतशिक्षक तेच पाठवतात. आणि मी एक प्रवासी गिटार आहे. साहेब खोटं बोलले नाहीत. कागदाचे थर चिकट रसायनात भिजवून, तापवून, दाबून जो कडक पत्रा होतो, त्याचंच माझं पोट आणि त्याचीच पाठ. स्वयंपाकघरातल्या कपाटांची मी चुलत बहीण. मान लाकडाच्या पट्ट्या एकीला एक चिकटवून केलेली, म्हणून ती वाकत नाही. अंगाने लहान, बसमध्ये मांडीवर मावते. आवाज मखमली नाही, हे माझं मीच सांगते. पण उन्हाने मी तडकत नाही आणि दमट हवेने फुगत नाही.

बेंगळूरूतल्याच इंदिरानगरच्या एका वाद्यांच्या दुकानात मी खालच्या फळीवर धूळ खात पडले होते. तिथे पवित्रा आली. निपाणीची मुलगी, त्याच संस्थेत बदली शिक्षिका. कोणी रजेवर गेलं की हिला धाडायचं. तिला कायमची नेमणूक हवी होती, तीही कुमट्याच्या किनाऱ्यावरच्या शाळांत. तिथली हवा तिला चांगली ठाऊक होती. तिची आधीची गिटार तिथेच फुगून बाद झाली होती.

बाकीची गिऱ्हाईकं एसीत बसून वाजवून बघतात. पवित्राने दुकानदार देवाप्पांना भलतंच विचारलं.

"अण्णा, हिला दुपारभर तुमच्या स्कूटरच्या सीटवर ठेवू?"

"अक्का, गिटार घेतीस का पापड वाळवतीस?"

"मान ताठ राहिली तर घेते. नाहीतर पापडच समजा."

"सरी, ठेव. पण कावळा बसला तर मला बोलू नकोस हं."

एप्रिलचं ऊन होतं. चार वाजता तिने मला उचललं. दोन तारा जरा उतरल्या होत्या, बाकी मी जशीच्या तशी. तिने मला तिथेच रस्त्यावर सुरात आणलं आणि पाठीला लावलं.

मग कायमच्या नेमणुकीसाठी ती मला घेऊन साहेबांसमोर गेली आणि साहेबांनी मला नापास केलं. दोन वर्षं पवित्रा बदली शिक्षिकाच राहिली. पुण्याहून तनय नावाचा नवा शिक्षक संस्थेत आला, यादीतली भारी लाकडी गिटार घेऊन. मला बघून म्हणाला, "काय गं, हे टेबल घेऊन फिरतेस? जेवायला बसू का यावर?"

"बस की. ताट तुझं तू आण."

यंदाच्या मार्चमध्ये कुमट्याच्या शाळेत कार्यक्रम ठरला. वाजवणार तनय. पवित्राने फक्त पोरांना रांगेत उभं करायचं. साहेब जातीने आले. वाटेत होन्नावरला जेवायला थांबलो. तनयची गिटार गाडीच्या डिकीत, भर उन्हात, दीड तास. मी पवित्राशेजारच्या खुर्चीवर.

शाळेत पेटी उघडली, तर तारा जिथे अडकवतात ती पट्टी डिंक सोडून वर उचललेली. त्या बिचारीचा दोष नव्हता, मित्रांनो. थंड खोलीत निवडलेल्या वाद्याला डिकीत कोंडलं, तर ते दुसरं काय करणार? तनय ती पट्टी अंगठ्याने दाबून बघू लागला.

साहेब म्हणाले, "कार्यक्रम रद्द करा."

मुख्याध्यापिका रत्नाबाई उसळल्या. "रद्द? साठ पोरं सकाळपासून घसा खाकरत बसलीत! त्या मुलीच्या पाठीवर काय आहे मग, लाटणं?"

पवित्राने साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने मला बाहेर काढलं.

पत्र्याचा मांडव तापला होता. घामाने तिची बोटं तारांवरून घसरत होती. पण मी हटले नाही. नऊ गाणी झाली, पोरांनी दहावं ओरडून मागितलं. साठ गळे आणि एक मी! त्या दिवशी माझ्या पोटातून जो आवाज निघाला, तो माझा मलाही नवा होता. मग पवित्राने मला तनयच्या हातात दिलं. "घे, तुझं गाणं राहिलंय."

तो वाजवून उठला आणि म्हणाला, "टेबल म्हणालो ना, चुकलो यार."

नंतर तिने माझ्या तारा एकेक करून कोरड्या फडक्याने पुसल्या. मित्रांनो, मी ऊन सोसते म्हणून मला उन्हात टाकून जाऊ नका. जो सोसतो त्यालाच सगळे विसरतात. माझ्यासारख्या वाद्याला एक फडकं आणि थोडी सावली पुरते.

आणि साहेब, तुमचा अहवाल तनयने मोठ्याने वाचून दाखवला : "कार्यक्रम यशस्वी. वाद्य : मान्य यादीतील." कोणतं हो ते? डिकीतलं?

रत्नाबाईंनी तुम्हाला पत्र धाडलं आहे : "आम्हाला पवित्रा टीचरच हव्यात, त्यांच्या गिटारीसकट." खाली साठ पोरांच्या वाकड्यातिकड्या सह्या आहेत. पवित्राला कुमट्याला पाठवताय की नाही? उत्तर लेखी द्या, आणि खाली तुमचीही सही करा.