तिसऱ्या ओळीतला थांबा

आमच्या चर्चच्या मंडळीत गाता येणारं माणूस मी एकटीच. गर्व म्हणा हवं तर. दर शुक्रवारी मुलुंडमध्ये कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते, आणि पेटी मी वाजवते म्हणून मला जावंच लागतं. शकुमावशी देवाला कमी ऐकू येत असावं अशा खात्रीनं ओरडतात. रतनकाका झांज वाजवतात आणि ताल त्यांच्या मागून धापा टाकत येतो. शिवाय पद्धत अशी की, ज्याच्या घरी सभा त्यानंच गीत उचलायचं, मग ते कुठल्याही पट्टीत असो. सूर शोधत पेटीवर धावायचं मी.

सगळ्यात कहर म्हणजे आईचं लाडकं गीत. त्यातल्या तिसऱ्या ओळीच्या मधोमध ही माणसं थांबतात. पुस्तकात तसं नाही, चालीत नाही, अर्थालाही धरून नाही. शब्द अर्धा तोडून सगळे गप्प, आणि मग पुन्हा सुरू. मी कितीदा समजावलं. त्यांनी माना डोलावल्या आणि पुन्हा तिथंच थांबले. मंडळीला मेंढरं म्हणतात ते उगाच नाही.

त्या शुक्रवारी सभा आमच्याकडे होती. आईची फुप्फुसं निकामी होत चालली होती. नाकात कायम ऑक्सिजनची नळी, त्यामुळे बाहेरच्या सभा तिला बंद झाल्या होत्या.

"गीत मीच उचलणार," ती सकाळपासून म्हणत होती.

"दोन शब्द बोललीस तरी धाप लागते तुला. मी उचलते ना."

"घर माझं आहे ना गं?"

सभा पुन्हा आमच्याकडे येईल तेव्हा ती नसेल, हे तिला कळत होतं आणि मलाही. पण त्या बेसुऱ्यांसमोर तिची फजिती झालेली मला बघवली नसती.

म्हणून पाळकसाहेबांनी "गीत घेऊ या" म्हणताच मीच सुरू केलं. कधी नव्हे ते गीत सुरात लागलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. कुणी तोंड उघडेना. सगळे आईकडे बघत बसले होते. रतनकाकांनी झांज मांडीवर ठेवून दिली होती. मी थांबले. मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला.

मग आईनं उचललं. ती नुसती कुजबुज होती, कुठल्याच पट्टीत न बसणारी. आणि ज्यांचा आवाज जिन्याखाली ऐकू जातो त्या शकुमावशी तिच्याहून हळू गायला लागल्या. पहिल्याच ओळीत आईचा श्वास संपला. सगळे थांबले. तिनं श्वास घेतला, तसे पुढे निघाले. मी मात्र पेटीवर एकटीच पुढे गेले होते, मुकाट्यानं परत आले. असं अडखळत त्यांनी ते गीत शेवटच्या कडव्यापर्यंत तिच्याबरोबर नेलं. आई घामाघूम झाली होती आणि हसत होती.

चहाच्या वेळी मी शकुमावशींना विचारलं, "त्या तिसऱ्या ओळीत तुम्ही नेहमी का थांबता हो?"

"शिमोनकाकांना दमा होता ना," त्या चहात बिस्कीट बुडवत म्हणाल्या. "त्यांना तिथं श्वास घ्यावा लागायचा."

"पण ते जाऊन किती वर्षं झाली."

"मग?" शकुमावशी म्हणाल्या.

आई त्याच महिन्यात गेली. त्यानंतरची सभा रतनकाकांकडे होती. त्यांनी तेच गीत उचललं, नेहमीसारखं नको तितकं वर. शकुमावशी ओरडू लागल्या. झांज भरकटली. आणि पहिल्याच ओळीत, आईचा श्वास जिथं संपला होता तिथं, ती सगळी बेसुरी माणसं एकदम गप्प झाली. चालीची पार वाट लागली. मी पेटीचा भाता धरून ठेवला, आणि आईचा श्वास घेऊन होईपर्यंत थांबले.