शिंप्याच्या मागच्या खोलीतला बाक

मी बोलतोय, शिंप्याच्या मागच्या खोलीतला बाक. पाच माणसांसाठी केलेला, पण दाटीवाटीनं सात बसतात. इथे जे घडलं ते सांगायला माणसं धजत नाहीत, म्हणून मी सांगतो.

मला घडवलं सुतारानं, शिंप्याच्या बायकोच्या धाकट्या भावानं. हाताचा पक्का, जिभेचा मोकळा. रंधा मारताना म्हणाला, "ताई, असा बाक करतो की प्रार्थना कितीही लांबली तरी पाठ धरणार नाही."

ताई म्हणाली, "धरू दे थोडी. नाहीतर निम्मे घोरतील."

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मंडळी मागे जमायची. शिंपी, ताई, सुतार, निवृत्त झालेल्या नर्सबाई आणि दोन-तीन शेजारी. येशूचं नाव घेतलं म्हणून कुठे कुणाला कोठडीत टाकलं, कुठे कुणाचं घर पेटवलं, त्याच्या बातम्या नर्सबाई वहीत उतरवून आणायच्या. मग एकेका माणसासाठी प्रार्थना चालायची. सगळ्यात चढा आवाज सुताराचा. "प्रभू, त्यांना खंबीर ठेव. जीव गेला तरी त्यांनी तुला नाकारू नये."

दुसऱ्यासाठी धैर्य मागायला फारसं धैर्य लागत नाही, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

एका रविवारी प्रार्थना चालू असताना शटर पहारीनं उचकटलं गेलं. पंधरा-वीस जण आत घुसले. पुढे समोरचा हार्डवेअरवाला. त्याच्या घरातले कपडे बारा वर्षं आमच्या शिंप्यानंच शिवलेले. शिंपी सवयीनं उठला आणि म्हणाला, "या शेठ, बसा."

पहिला ठोसा त्याच्या तोंडावर बसला. नर्सबाई मध्ये पडल्या, त्यांना ढकललं. त्यांचं कपाळ माझ्या कडेवर आपटलं आणि रक्त माझ्या रेषांत उतरलं. मग मला उलथं पाडलं. एकानं माझ्यावर गुडघा रोवून माझा पाय हिसडला. खिळे करकरत सुटले, एक वाकडा खिळा पायातच राहिला. तसाच तो पाय शिंप्यावर चालवला. आधी कोपरावर, मग बोटांवर. ज्या बोटांनी तो सुईत दोरा ओवायचा, ती एकेक करून फुटली.

"म्हण, सोडला तुझा देव."

शिंप्याचा ओठ फाटला होता. गिऱ्हाइकाला कापड पुरणार नाही म्हणून सांगावं, तितक्याच हळू तो म्हणाला, "नाही सोडत."

मग बरगड्या. ताई त्याच्या अंगावर आडवी पडली, तिला केसांना धरून फरफटत बाजूला नेलं. दोघांनी सुताराला भिंतीला दाबून धरलं होतं. हार्डवेअरवाला त्याच्याकडे वळला.

"तू बोल. तू म्हणालास तर याला सोडतो."

"सोडला," सुतार म्हणाला. "मी सोडला. आता दाजींना मारू नका."

"ऐकू आलं नाही."

त्यांनी ते त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. तिसऱ्यांदा तो किंचाळलाच. शिंप्याचा एक डोळा सुजून मिटला होता, दुसऱ्यानं तो मेव्हण्याकडे बघत होता. मग कुणीतरी हसलं आणि माझा पाय शिंप्याच्या डोक्यात बसला. तो आवाज मी आयुष्यभर विसरणार नाही.

पोलीस तासाभरानं आले. आपापसातली मारामारी, असं लिहून घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी शिंपी इस्पितळात वारला. त्याला माती दिली तेव्हा सुतार कबरस्तानात आला नाही. भिंतीबाहेर उभा होता, असं नर्सबाई म्हणाल्या.

पाच आठवडे खोली बंद होती. मग एका सकाळी ताईनं मला हातगाडीवर चढवलं आणि भावाच्या कारखान्यात नेलं.

"पाय बसवून दे."

सुतारानं मान वर केली नाही. "ताई, मी नाकारलं त्याला."

"ऐकलं मी. तिथेच होते."

"आणि तरी दाजी वाचले नाहीत."

ताई भुशावरच खाली बसली. "तू त्यांना वाचवायला बोललास, कळतं मला. तरी राग येतो. ते नाही म्हणाले आणि गेले. तू हो म्हणालास आणि माझ्यासमोर बसलायस. रोज राग येतो. देवालाही तसंच सांगते."

मग सुतार उठला, लाकूड निवडलं, माझ्या भोकातले मोडके खिळे एकेक उपटले. काम झाल्यावर ताई म्हणाली, "रविवारी ये."

"कुठल्या तोंडानं येऊ?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार आहेस?"

तो आला. टोकाला, अर्धा बाहेरच बसला. कपाळावर टाक्यांची खूण असलेल्या नर्सबाईंनी वही वाचली. सुताराची पाळी आली तेव्हा त्यानं माझी कड घट्ट धरली. मग म्हणाला, "प्रभू, आज त्यांना मार बसू देऊ नकोस. आणि कुणी घाबरून काही बोलून गेलं, तर त्याला टाकू नकोस."

सगळ्यांच्या आधी ताई म्हणाली, "आमेन." भावाकडे मात्र तिनं पाहिलं नाही.

त्याला आता वर्ष होत आलं. हार्डवेअरचं दुकान समोर रोज उघडतं. आमचं शटर रविवारी पूर्ण खाली असतं, आणि बाहेर पाऊल वाजलं की माझ्यावरची सगळी माणसं एकदम थांबतात. तरी येतात. माझ्यावरचा डाग दोनदा घासूनही गेलेला नाही. आता कुणी घासत नाही.

तुम्ही कुठेही असा, कशावरही बसलेले असा, तुमच्याकडे माझं एवढंच मागणं. श्रद्धेपायी मार खाणाऱ्यांसाठी हात जोडाल तेव्हा शिंप्यासारख्यांची आठवण तुम्हाला होईलच. आमच्या सुतारासाठीही एक शब्द घाला. जे मार खाऊन मोडले, त्यांच्यासाठी मागणारं फार कुणी नसतं.