एक माणूस कमी

आप्पा गेल्यावर पंधरवड्याने औषध-चाचणीच्या नोंदी ठेवणारी रूपाली येळ्ळूरला त्यांच्या घरी आली. आप्पा सांधेदुखीच्या नव्या औषधाच्या चाचणीत होते, आणि चाचणी चालू असताना माणूस दगावला की घरच्यांकडून सगळं विचारून घ्यावं लागतं. त्या चाचणीचं संख्याशास्त्राचं काम त्यांची लेक पूर्णिमा बघायची, म्हणून वडिलांची फाईल तिच्यापासून लांब ठेवलेली होती. आज ती नुसती लेक म्हणून आईशेजारी, शालूबाईंजवळ बसली.

“आधी काही त्रास होत होता का, मावशी?” रूपालीने विचारलं.

शालूबाईंनी लेकीकडे बघितलं. “छातीत दुखायचं. महिनाभर तरी.”

“फोनवर तर दर वेळी बरं हाय म्हणायचे,” पूर्णिमा म्हणाली.

“मलाबी गप बस म्हनाले. दुखतंय म्हटलं की डॉक्टर चाचणीतनं नाव काढत्यात, आनि एक मानूस कमी झाला तर पोरीचं काम अडतंय म्हनाले. लई हट्टी मानूस.”

चाचणीला माणसं किती लागतील, हा हिशोब पूर्णिमानेच मांडला होता. मध्येच सोडून जाणारे असतातच, म्हणून तेवढी माणसं तिने आधीच जास्त धरली होती. आप्पांनी सोडलं असतं, तर कुणाचंच काही अडलं नसतं. रूपालीलाही ते ठाऊक होतं.

“अडलं असतं न्हवं गं?” आईने विचारलं.

“व्हय, आई,” पूर्णिमा म्हणाली. मग ती रूपालीकडे वळली. “छातीत दुखत होतं, ते लिही. महिनाभर, असंच लिही.”