वळणापलीकडे जावई

टेकडीवरून शहराकडे उतरणारा रस्ता जिथे एकाएकी मागे वळून स्वतःकडेच पाहतो, तिथे एका झुडपाआड आप्पांचा जावई उभा असे. अंगावर वाहतूक पोलिसाचा गणवेश, हातात वेग मोजायचे यंत्र, आणि चेहऱ्यावर कवितेची पहिली ओळ सुचण्याची वाट पाहणाऱ्या माणसाची ती निरुद्योगी एकाग्रता. झुडूप काटेरी होते, पण दाट होते. सावज टिपायला बसलेल्याला याहून अधिक काय हवे?

आप्पा लाँड्रीची व्हॅन चालवीत. टेकडीवरच्या इस्पितळातून सकाळी मळक्या चादरी खाली आणायच्या आणि दुपारी त्याच चादरी घडीबंद, पांढऱ्याशुभ्र करून वर पोचवायच्या. इतक्या अनोळखी माणसांचे ताप, घाम आणि कण्हणे धुऊन निघाल्यावर जे काही उरत असेल, ते पाठीशी घेऊन आप्पा रोज ती टेकडी चढत. वळण मागे पडले, की वरून भरधाव येणाऱ्या गाडीला ते दोनदा डिपर देत. भर दुपारी दिव्यांची ती क्षणभराची उघडझाप म्हणजे चालकांच्या जगातली सर्वांत छोटी बातमी होती: पुढे मामा आहेत.

बातमी फक्त गरजवंतालाच. सावकाश येणाऱ्या गाडीला आप्पा कधी डिपर देत नसत. शहाण्याला सावध करणे म्हणजे त्याचा अपमान करणे, असे त्यांचे मत होते.

गंमत अशी की घरात जावई सासऱ्याला मामा म्हणे, आणि रस्त्यावर सासरा जावयाला.

जावयाला संशय नव्हता असे नाही. आप्पांची व्हॅन टेकडी चढून गेली, की सगळा रस्ता बराच वेळ साधुसंतांचा होऊन जाई.

"तुम्ही वर गेलात की एक गाडी सापडत नाही हो, मामा," एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला.

"मग चांगलंच की. गाड्या हळू चालाव्यात म्हणूनच उभा असतोस ना?"

"मी पकडायला उभा असतो."

"अच्छा! म्हणजे उद्या सगळे सुधारले तर तू उपाशी."

"बाबा, तुम्ही त्याच्या पोटावर पाय देताय," आप्पांची लेक म्हणाली. तिचे अर्धे आयुष्य या दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसण्यात चालले होते. "आणि तू रे, भात घे. झुडपात उभं राहून राहून काटक्या झाल्यात हातापायांच्या."

असे हे सगळे हसण्यावारी चालले होते. मग एका दुपारी वरून एक करडी गाडी आली.

गाडी सुसाट होती. वाऱ्याने उडवलेल्या कागदासारखी ती उतार सोडून जणू हवेवरच येत होती. आप्पांचा हात सवयीने दिव्यांच्या दांडीवर गेला: उघडझाप, उघडझाप. करडी गाडी चमकली, मंदावली आणि एखाद्या लाजऱ्या पाहुण्यासारखी वळणावरून पुढे सरकली. झुडपापाशी येऊन ती थांबलीच. काच खाली गेली. आत, साध्या कपड्यांत, जावयाचे सर्वांत मोठे साहेब होते.

"मला डिपर कोणी मारला?" साहेबांनी विचारले.

जावयाने सलाम ठोकला. "साहेब, ती व्हॅन..."

"कुठली व्हॅन?"

"पांढरी, साहेब."

"पांढऱ्या व्हॅना छप्पन असतात. नंबर? जा, थांबवा त्याला. पोलीस इथे उभे आहेत हे तो सगळ्या गावाला सांगत सुटलाय. सरकारी कामात अडथळा! केस करा. साक्ष मी देतो."

मोटरसायकलीवर बसून टेकडी चढताना त्या बिचाऱ्याच्या मनात काय काय आले असेल, हे ज्याला सासरा आहे त्यानेच ओळखावे. इस्पितळाच्या मागच्या दारात आप्पा चादरींचे गठ्ठे उतरवत होते.

"लायसन द्या, मामा."

"का रे, तुझं घरी विसरलास काय?"

"मामा, थट्टा नाही. साहेबांची ऑर्डर आहे. तुम्ही डिपर दिलात ना, ते साहेबच होते."

आप्पांनी गठ्ठा खाली ठेवला. थोडा वेळ त्यांनी जावयाकडे पाहिले, मग उताराकडे.

"फारच वेगात होते तुझे साहेब," ते म्हणाले आणि खिशातून लायसन काढून दिले.

*

लाँड्रीच्या मालकीणबाई मनाने वाईट नव्हत्या. फक्त त्यांचे मन सतत कुठल्या तरी चढणीवर असे. त्यांनी व्हॅनची चावी आपल्या टेबलाच्या खणात टाकली.

"आप्पा, माझा नाइलाज आहे. इस्पितळाची अट आहे, शिक्षा झालेला ड्रायव्हर त्यांना दारात नको. निकाल लागेपर्यंत आत बसा. सुटलात तर व्हॅन तुमची. नाही सुटलात तर मी दुसरा माणूस ठेवणार. मग माझ्यावर रागावू नका."

अशा रीतीने आप्पा घड्यांच्या खोलीत आले. लांबलचक टेबल, वाफेने धूसर झालेल्या काचा, आणि समोरासमोर उभ्या राहून चादरींची टोके धरणाऱ्या बायका. त्या दोघी दोघींनी पुढे येत, टोके जुळवत, पुन्हा मागे जात. एखादे संथ नृत्य असावे तसे. आप्पांना ते नृत्य जमेना. त्यांची चादर दर वेळी तिरकी होई.

"आप्पा, वळणावर टोक सुटतंय तुमचं," एकीने चिमटा काढला.

"त्यांना डिपर द्या गं कुणीतरी!" दुसरी म्हणाली आणि सगळी खोली खळाळली.

आप्पाही हसले. पण दुपार झाली की त्यांचे कान अंगणाकडे लागत. बदली ड्रायव्हर व्हॅन सुरू करी, आणि गिअर टाकताना ती जी कळवळून ओरडे, ते ऐकून आप्पा हातातली चादर घट्ट धरून उभे राहत. काहींचे आयुष्य घरात असते, काहींचे देवळात. त्यांचे त्या स्टिअरिंगमागच्या खोलगट झालेल्या सीटवर होते. तिथून उठवल्यावर माणूस म्हातारा होतो, हे त्यांना आधी ठाऊक नव्हते.

केसची बातमी सगळ्या रस्त्यावर पसरली होती. ट्रकवाले, टेम्पोवाले, दूधवाले, सगळ्यांनी हात आवरले. समोरासमोर आले की ते एकमेकांकडे नुसते बघत, हसत, एखादा हात हलवी; दिवे मात्र मिटलेले. आप्पांचे काय होते ते आधी पाहू, असे सगळ्यांनी न बोलताच ठरवले होते.

घरी जावई मान खाली घालून जेवू लागला.

"अरे, इतकं काय मनाला लावून घेतोस?" आप्पा म्हणाले. "तू तुझं काम केलंस."

"कोर्टात मला विचारतील, मामा. मी खोटं नाही बोलणार."

"बोललास तर याद राख. खोटं बोलणारा जावई मला चालणार नाही."

"आणि खरं बोलून सासऱ्याला घरी बसवणारा चालतो?" लेकीने भांडे जरा जोरातच आपटले. "धन्य आहात दोघं!"

*

कोर्टाच्या खोलीत पंखा इतका सावकाश फिरत होता, की त्यालाही कुणीतरी डिपर दिला असावा. न्यायाधीश उतारवयाचे होते. चष्म्यावरून पाहताना सगळेच प्रश्न त्यांना थोडे थोडे विनोदी वाटत असावेत. आप्पांनी वकील दिला नव्हता. मागच्या बाकावर लेक बसली होती, आणि मालकीणबाई निकालाला येते म्हणाल्या होत्या. पण बदली ड्रायव्हरने चादरी पुन्हा उशिरा पोचवल्या, म्हणून त्यांना स्वतःला टेकडीवर माफी मागायला जावे लागले होते.

"आरोपीने वेगात येणाऱ्या गाड्यांना सावध केलं, असं म्हणणं आहे," न्यायाधीश म्हणाले. "कुठल्या गाड्यांना?"

"एका गाडीला, साहेब," सरकारी वकील म्हणाले.

"कोणाच्या?"

वकिलांनी घसा साफ केला. "साक्षीदारांच्या."

न्यायाधीशांनी चष्मा जरा खाली ओढला. मग त्यांनी आधी जावयाला बोलावले.

"तुमच्या यंत्रावर त्या गाडीचा वेग काय दिसला?"

"मर्यादेच्या आत, साहेब. पण तो वळणानंतरचा."

"आणि वळणाआधीचा?"

"झुडपातून वळणाआधीचं दिसत नाही, साहेब. त्यांनाही आम्ही दिसत नाही. म्हणून तर तिथे उभा राहतो."

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीशांनी तो हात वर करून थांबवला, पण फार घाईने नाही.

"म्हणजे गाडी वेगात होती हे तुम्ही सांगू शकत नाही. आणि ती वेगात नसेल, तर अडथळा कसला? जो पकडला जाणारच नव्हता, त्याला या माणसाने वाचवलं कशातून?" त्यांची नजर साक्षीदारांच्या रांगेकडे वळली. "तेव्हा हे सांगायला एकच जण उरतो. या साहेब, पुढे या."

मोठे साहेब पिंजऱ्यात आले. केस करा म्हणताना, आपल्याला इथे नेमके काय विचारले जाईल याचा विचार त्यांनी केला नव्हता. दुसऱ्याला पकडण्याची सवय लागली, की आपणही कुठल्या तरी वळणाच्या अलीकडे आहोत याचा माणसाला विसर पडतो.

"डिपर मिळाला तेव्हा तुमचा वेग काय होता?"

साहेबांनी रुमालाने मान पुसली. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला.

"मर्यादेच्या आतच," साहेब म्हणाले.

"ठीक. मग प्रश्नच मिटला." न्यायाधीशांनी पेन उचलले. मागच्या बाकावर लेकीने पायाशी ठेवलेली पिशवी उचलली.

"नाही मिटला, साहेब," आप्पा उभे राहून म्हणाले.

"बाबा!" लेक पुटपुटली. "बसा ना, देवा रे!"

"गाडी वेगात होती. सुसाट होती. म्हणूनच डिपर दिला."

पेन हवेत थांबले. "तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय बोलताय? साक्षीदार म्हणतात ते खरं मानलं तर तुम्ही आत्ता सुटता. तुम्ही म्हणता ते खरं मानलं तर अडकता."

"कळतं, साहेब. व्हॅन जाईल. मरेपर्यंत चादरींच्या घड्या घालीन, त्याही तिरक्या. पण हळू जाणाऱ्याला मी डिपर दिला, असं तुमच्या कागदावर नको. उद्या रस्त्यावर म्हणतील, म्हातारा काय, दिसेल त्याला दिवे मारतो. मग खरोखर द्यायची वेळ आली, तर कोण हळू होईल?"

साहेब पिंजऱ्याच्या कठड्याकडे पाहत होते. जावई छताकडे. पंखा आपल्या मर्यादेत.

न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सरकारी वकील, आता तुमच्यावर आलं. आरोपी खरं बोलतोय म्हणालात, तर तुमचे साक्षीदार माझ्यासमोर खोटं बोलले. साक्षीदार खरं बोलले म्हणालात, तर गुन्हाच झालेला नाही. कोणाला धरता, कोणाला सोडता? सावकाश ठरवा. मला घाई नाही."

वकील साहेबांच्या कानाशी लागले. साहेबांची मान हळूहळू त्या रंगाची झाली, जो लाँड्रीत चादरींवर पडला तर दुसऱ्यांदा धुवावा लागतो. शेवटी वकील उठले.

"सरकार केस मागे घेत आहे."

"छान. आप्पा, तुम्ही मोकळे."

"पण साहेब, मग डिपर द्यायचा की नाही?"

"ते या कोर्टाने सांगितलेलं नाही."

"मग कोण सांगणार?"

"ज्याच्यावर पुन्हा केस होईल त्याला कुणीतरी सांगेल," न्यायाधीश म्हणाले. "तुम्ही ते होऊ नका. घरी जा."

*

बाहेरच्या व्हरांड्यात लेक आधी रडली, मग हसली, मग तिने बापाच्या दंडाला चिमटा काढला. "सुटलेला माणूस पुन्हा अडकायला धावतो, हे पहिल्यांदाच पाहिलं मी!"

"मामा, तुम्ही माझा जीव घेणार एक दिवस," जावई म्हणाला. साहेब मागच्या जिन्याने निघून गेल्याची त्याने खात्री करून घेतली होती.

"तू चांगलं बोललास हं," आप्पा म्हणाले. "त्या झुडपाचं तर फारच छान."

इतक्यात जिन्यावरून मालकीणबाई वर आल्या. धापा टाकत, केस विस्कटलेले, हातात दंडाची पावती फडफडवत.

"वळणावर! झुडपामागून!" त्या कडाडल्या. "तुमच्या जावयाच्या जागी आज दुसराच कोणी उभा होता. म्हणतो, बाई, फार वेगात आलात. येणारच! निकालाला उशीर होत होता! अहो, अख्ख्या उतारावर ट्रक भेटले, टेम्पो भेटले, आपला दूधवाला भेटला. हसला, हातसुद्धा हलवला मेल्याने! पण एकाने म्हणून डिपर दिला नाही. झालंय काय सगळ्यांना?"

"तुमच्यासारखेच तेही निकालाची वाट बघतायत," लेक म्हणाली.

"मग? लागला का?"

"केस मागे घेतली," आप्पा म्हणाले. "शिक्षा नाही."

मालकीणबाईंनी पर्स उघडली, आतले सगळे उलथेपालथे केले आणि चावी काढून आप्पांच्या तळहातावर जवळजवळ आदळली.

"घ्या. चादरी तुंबल्यात, इस्पितळ बोंबलतंय, आणि तो बदली ड्रायव्हर गिअरची हाडं मोडतोय. आत्ताच्या आत्ता जा. आणि ऐका, आप्पा, आजपासून तुम्ही त्या वळणाच्या वर गेलात, की समोरून येणाऱ्या सगळ्या..."

त्यांचे लक्ष जावयाच्या गणवेशाकडे गेले. वाक्य ब्रेक लागल्यासारखे थांबले.

"...सगळ्या चादरी वेळेवर पोचायला हव्यात," त्या म्हणाल्या.

"पोचतील, बाई," आप्पा म्हणाले. चावी त्यांनी इतकी घट्ट धरली होती, की तिचे दाते तळव्यावर उमटले.

जावयाने तेवढा वेळ कठड्याबाहेर, जिथे एका भिंतीशिवाय पाहण्यासारखे काहीही नव्हते, फार मन लावून पाहिले.